पलीकडे गेले, पण गेलेच नाही

आधी चहाचा कप खाली ठेवा. नाही, ठेवाच. मागे एकीने हे ऐकताना हसून हसून अख्खा चहा पदरावर सांडला आणि वर मलाच म्हणाली, "आजी, आधी सांगायचंत ना!" म्हणून आधीच सांगते. माझी ही फजिती भर दिवसा, भर गंगेत, साऱ्या घाटाच्या डोळ्यांदेखत झाली, आणि ती मी माझ्या हातांनी ओढवून घेतली. हातांनी कसली, पायांनी!

मी काशीत राजा घाटामागच्या गल्लीत राहते. एकटी. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. आमचे हे पाठशाळेत जगाला शिकवायचे, घरात शिकवायला त्यांना सवड नव्हती. ते झोपले की त्यांच्याच पोथ्या उघडून मी अक्षर लावत बसायची. पोहायलाही तशीच शिकले. पहाटे, घाटावर माणूस यायच्या आत, उपडी घागर पोटाशी धरून. गुरू नाही, कुणी नाही. दोनदा बुडता बुडता वाचले, ते सोडा. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला ना, की पोहायला त्यासारखं वस्त्र नाही. कुणाला पटत नसेल तर या घाटावर, दाखवते.

हे गेले तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली. मुलगा नाही, एकच मुलगी, ती नागपूरला. आता म्हातारी जावयाच्या दारी जाऊन बसणार! माझ्या कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. मी? जावयाच्या दारी? दिवसवारे झाले आणि मी सगळ्यांसमोर गंगाजल हातात घेऊन संकल्प सोडला, "मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल टाकणार नाही." याला क्षेत्रसंन्यास म्हणतात. मोठे मोठे संन्यासी घेतात. मी रागाच्या भरात घेतला.

गल्ली गप्प झाली. छान वाटलं. दोन-तीन वर्षं वाटत राहिलं.

मग विमलला, म्हणजे माझ्या मुलीला, मुलगी झाली. मिनी. विमलच्या सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोडून तिला हलता येत नाही. आणि मला संकल्पाने बांधलेलं. बारशाचं बोलावणं आलं, वाढदिवसांची आली, दर उन्हाळ्यात "आई, ये ना" आलं. मी दर वेळी एकच उत्तर दिलं, "माझं व्रत आहे." मिनी सहा वर्षांची झाली तरी मी तिला फोटोतच पाहिलेलं. म्हणे पाण्याला भयंकर घाबरते. डोक्यावरून तांब्या घेतला तरी किंचाळते. माझी नात!

आणि इकडे मी काय करत होते? दुनियेच्या पोरांना पोहायला शिकवत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या लोकांची, म्हणजे काशीतल्या मराठी घरांतली पोरं सकाळी माझ्याकडे यायची; जन्म इथलाच, म्हणून तोंडात हिंदी. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे विद्यापीठात, कुणाचे घाटावर पूजा सांगणारे. आया पायऱ्यांवर बसून राहायच्या. माझी रीत सरळ. पोहणं नंतर, आधी पाठीवर तरंगायचं. ज्याला उताणं तरंगता येतं तो बुडत नाही. कमरेएवढ्या पाण्यातल्या पायरीवर पोराला आडवं करायचं, एक तळवा मानेखाली, एक कमरेखाली. "पोट वर. हनुवटी वर. कान पाण्यात. आभाळाकडे बघ." पोर घाबरलं की मध्येच घडी पडते आणि बूड आधी खाली जातं. निवांत झालं की असं हलकं होतं, असं हलकं, की तळव्यावर वजनच लागत नाही. मग हळूच हात काढून घ्यायचा. त्याला कळूही द्यायचं नाही.

तर ती मेमधली सकाळ. सगळी पोरं उताणी पडायला शिकली होती, पण एकाचीही जीभ गप्प नाही. रंजू म्हणून एक पोरगी होती, रेल्वेतल्या कारकुनाची, मिनीच्याच वयाची. ती तर तरंगता तरंगता गाणी म्हणायची आणि नाकातोंडात पाणी गेलं की मलाच दोष द्यायची.

मी म्हटलं, "सगळे पायरीवर उभे राहा. आता मी दाखवते, शांतपणे कसं तरंगायचं. मी सांगेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. समजलं?"

"आजी, और आप बोलेंगी?" रंजू.

"मी बोलेन. मी शिकवतेय."

आणि पडले उताणी. डोकं गंगेकडे, पाय पोरांकडे.

आता उताणं पडल्यावर काय होतं, कान पाण्याखाली जातात. बाहेरचं जग बंद. स्वतःचा आवाज मात्र आतून येतो, मोठा, घुमल्यासारखा. दुसरंच कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटतं. मी सुरू केलं, "बघा, श्वास कसा घ्यायचा. पाण्याशी भांडायचं नाही..." आणि मला बोलताना पाय हलवायची खोड आहे. जमिनीवर बसले तरी हलतात. पाण्यात हलले तर काय होणार? त्यात पछवा सुटलेला, हा पश्चिमेचा वारा घाटावरून थेट पलीकडच्या रेतीकडे जातो. नऊवारीत हवा भरलेली. म्हणजे वल्हंही मीच आणि शीडही मीच!

मला काय पत्ता? मी आभाळाकडे बघत बोलतेय. पोरं चिडीचूप. मनात म्हटलं, वा! आज कशी शिस्त लागली! अशी ऐकणारी मंडळी मला जन्मात मिळाली नव्हती. मग मी खुलले. घागरीची गोष्ट सांगितली. बुडता बुडता वाचल्याची सांगितली. मग यांची सांगितली. मग, आता कसं सांगू, बोलता बोलता विमलवर आले. घरी कुलूप काढल्यावर आवाज किती मोठा येतो ते सांगितलं. एकटीसाठी वरण शिजवायचा किती कंटाळा येतो ते सांगितलं. मिनीच्या फोटोशी मी काय काय बोलते तेसुद्धा सांगितलं. पोरांना सांगायच्या गोष्टी का ह्या? पण कुणी अडवेना, कुणी हसेना. सुटलेच मी. आणि जसजशी रंगले तसतसे पाय जोरात चालले असणार.

मागाहून कळलं, घाटावर काय गोंधळ चालला होता! आधी पोरांना वाटलं, आजी गंमत करतायत. मग टाळ्या पिटल्या, "आजी उस पार जा रही हैं! आजी उस पार!" मग आया उठल्या. शेजारच्या गोदूताई पदर हलवून हलवून ओरडल्या, "अहो द्वारकाबाई! वळा! मागं वळा!" मी वळते कसली! मी आभाळाला माझं दुःख सांगत होते.

धप्पकन डोकं आपटलं.

वाळू! डोळे फिरवून बघते तो घाट नाहीत. म्हणजे आहेत, पण तिकडे, लांब, चित्रातल्यासारखे. मी पलीकडच्या काठाला लागले होते! बरं, पलीकडचा काठ म्हणजे काय हे काशीत पोराटोरांना ठाऊक असतं. इकडे मेलं तर मुक्ती, तिकडे मेलं तर गाढवाचा जन्म. आणि माझा संकल्प! काशीबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणून सगळ्या जगाला सांगितलेला!

पहिलं काय केलं असेल मी? दोन्ही पाय वर उचलले. उथळ पाण्यात बूड टेकलेलं, कमरेपर्यंत पाणी, आणि पाय हवेत. उताणं पडलेलं कासव असतं ना, तशी.

रेतीवर काकडी-खरबुजाचे वाफे होते. तिथून एक म्हातारा माळी धावत आला. रामधनी त्याचं नाव.

"अरे माई! हियाँ कइसे आ गइलू?"

"हम कहीं नहीं आए हैं!" मी.

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "त ई कौन जगह ह, माई?"

"हम पानी में हैं. और पानी काशी का है."

"पानी त बंगाल जात ह, माई."

मी म्हटलं, "बहस मत करो. नाव लाओ. पाय खाली नहीं रखेंगे हम."

"काहे? गोड़ में चोट लागल बा?" गोड़ म्हणजे त्यांच्या बोलीत पाय.

"व्रत है!"

व्रत म्हटल्यावर बिचारा हात जोडून वळला. नाव ओढून आणेपर्यंत त्याने मला एक काकडी दिली. पाय हवेत धरून, पाण्यात बसून मी ती खाल्ली. भूक लागली होती हो, एवढं बोलल्यावर लागणारच! मग त्याने मला काखेत हात घालून टरबुजासारखं उचललं आणि नावेत ठेवलं. पाय शेवटपर्यंत वर. पोटात गोळे आले, पण टाच टेकू दिली नाही.

राजा घाटाला नाव लागली तेव्हा पायऱ्यांवर जत्रा होती. पोरं नाचत होती. रंजूने विचारलं, "आजी, अब बोलें?" बघा, तोवर ती एकटीच खरी गप्प राहिली होती! आणि सगळ्यांत पुढे गोदूताई, कमरेवर हात.

"द्वारकाबाई, मोडलं तुमचं व्रत!"

झालं! मी ओली, डोक्यात वाळू, टाळूला टेंगूळ, पण अंगात अशी वीज आली म्हणता!

"कसं मोडलं? पाऊल टाकलं का मी? विचारा या माळ्याला!"

रामधनीने मान हलवली. "गोड़ त ना रखलीं."

"डोक्यात वाळू आहे तुमच्या," गोदूताई म्हणाल्या.

"डोकं म्हणजे पाऊल का?"

"आणि बसला होतात ना? कशावर बसला होतात?"

"पाण्यावर!"

"पाण्याखाली काय होतं?"

"मी पाऊल टाकणार नाही असा संकल्प केलाय, गोदूताई. बूड टेकणार नाही असं कुठे म्हटलंय?"

सगळा घाट हसला. पण माझ्या बाजूने हसला. गोदूताई हटेनात. "नाही, मोडलं म्हणजे मोडलं! विचारा शास्त्र्यांना!"

बाळशास्त्री तिथेच संध्या आटपून पंचा पिळत उभे होते. आमच्या लोकांत धर्मशास्त्राचा शब्द त्यांचा. वय तिशीच्या आत, विद्वान, पण लहानपणी मीच त्यांना या पायऱ्यांवरून पाण्यात ढकललेलं. अजून मला बघितलं की दोन पायऱ्या वर सरकतात.

"आजी," ते चाचरत म्हणाले, "तसं पाहिलं तर... सीमेचं उल्लंघन झालंय, असं एक मत..."

"कुणाचं मत?" मी एक पायरी वर चढले.

"म्हणजे... ग्रंथात..."

"माझी जायची इच्छा होती का? मी पोरांना शिकवत होते. नेलं कुणी? गंगेने. गंगा आई आहे की नाही? आईने उचलून नेलं तर लेकराचा दोष कसा? मी पण पोथ्या वाचल्यात, बाळ! सांग, इच्छेवाचून व्रतभंग होतो का?"

शास्त्री तीन पायऱ्या मागे. "नाही होत."

"पाय टेकला नाही तर पाऊल टाकलं असं होतं का?"

"नाही होत."

"मग सांग सगळ्यांना. मोठ्याने!"

आणि त्यांनी हात वर करून सांगितलं, "आजींचं व्रत अभंग आहे!" लोक ओरडले, "हर हर महादेव!" गोदूताईंचं तोंड एवढंसं झालं. मी ओल्या पातळाने, मान वर करून गल्लीतून घरी आले. अशी जिंकले होते, अशी जिंकले होते!

घरी आले. कुलूप काढलं. आता हे सांगावं कुणाला? भिंतीवरच्या फोटोला सांगितलं. वरणाचा कुकर लावला आणि तीच गोष्ट पुन्हा कुकरला सांगितली.

संध्याकाळी गोदूताईंनी खिडकीतून हाक मारली, "द्वारकाबाई, विमलचा फोन!" फोन त्यांच्याकडेच आहे, माझा यायचा तर तिथेच येतो. भांडण झालेलं, पण गेले. मान वरच.

"आई!" विमलचा आवाज इतका वर चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "गोदूमावशींनी सांगितलं मला, तू गंगा ओलांडलीस! मोडलं ना व्रत? सुटलीस ना गं? आई, आता ये! हे म्हणाले, मी स्वतः आणायला जातो. मिनीची सुट्टी आहे. पुढच्या आठवड्यात ये!"



मला सुचलंच नव्हतं हो! सकाळपासून एवढं भांडले, शास्त्र्याला तीन पायऱ्या मागे हटवलं, पण व्रत मोडलं तर मी नागपूरला जाऊ शकते, मिनीला बघू शकते, हे डोक्यात आलंच नाही! दार उघडलेलं होतं. मी धावत जाऊन ते आतून लावून घेतलं आणि वर टाळ्या घेतल्या!

"आई? आहेस ना?"

"नाही मोडलं," मी म्हटलं.

"काय?"

"व्रत. नाही मोडलं. मी... सिद्ध केलं तसं. सगळ्यांसमोर."

मग तिकडे खुसपुस झाली आणि एक बारीक आवाज आला.

"आजी, तू सगळ्यांना पाण्यावर झोपायला शिकवतेस ना? मला पण शिकव."

काय करणार? म्हटलं, "शिकवते. जमिनीवर उताणी पड बघू."

"पडले."

"पोट वर. हनुवटी वर."

"केली."

"कान पाण्यात."

"आजी, पाणी नाहीये."

"असू दे. वर बघ. काय दिसतंय?"

"पंखा. आजी, तू हात कुठे धरतेस? रंजूला धरतेस तसा धर ना." रंजूबद्दल मीच विमलला सांगत असते सगळं.

माझा तळवा फोनवर होता. तो तिच्या मानेखाली कसा जाणार?

फोन ठेवला. गोदूताई मागे उभ्या होत्या. मला वाटलं, आता टोमणा येणार. तर त्या डोळे पुसत होत्या!

"अहो, मी एवढा घसा फोडून 'मोडलं मोडलं' म्हणत होते ते कशासाठी? विमलला फोन तरी कशाला लावला? तुम्हाला सोडवायला बघत होते मी! आणि तुम्ही बूड टेकलं आणि डोकं टेकलं करत बसलात!"

यापरीस टोमणा परवडला असता.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ठरवलं. नागपूरला पाठवायला म्हणून घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी उचलली आणि बाळशास्त्र्यांचं दार वाजवलं. लाच म्हणा, हो, लाचच!

"या या आजी!" माझ्या हातात बरणी आहे, काठी नाही, हे बघून ते जरा सावरले.

"बाळ," मी म्हटलं, गोड बोलायचा सराव नाही, तरी म्हटलं, "कालचं ते... नीट पाहिलंस ना रे? म्हणजे तुझं ते दुसरं मत होतं ना, ग्रंथातलं..."

त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी परीक्षा घ्यायला आलेय!

"नाही नाही आजी! ते मत टाकाऊच!" धावत आत गेले आणि दोन्ही हातांत पोथ्या घेऊन आले. "काल रात्री मी सगळं पुन्हा काढलं. हे पाहा, इथे तुमच्या बाजूने. हे इथेही. आणि हे तर असं वचन आहे की कुणी तोंडच उघडू शकणार नाही!"

"अरे पण नावेत चढताना टाच लागली असेल की माझी..."

"असेल म्हणजे? तुम्हीच सर्वांसमोर म्हणालात, नाही लागली. आजी, तुम्ही आणि खोटं?" ते हसले. "लोक असतात जळणारे. तुम्ही मुळीच घाबरू नका. मी घाटावर लेखी लावतो!"

"नको!" मी ओरडले.

"बरं, नाही लावत. पण निश्चिंत राहा आजी. आता ब्रह्मदेव जरी आला ना, तरी तुम्हाला काशीबाहेर काढू शकणार नाही!"

आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला, आणि माझ्या हातातली लोणच्याची बरणी घेऊन, "एवढ्यासाठी कशाला आजी," असं म्हणत आत ठेवून दिली.